झारॉफचं बेट आणि हडपसरचा ऊस



भीतीच्या सिनेमांवर बोला, असं मला सांगण्यात आलं, तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांपुढे आले ते रामसे बंधू. आमच्या पिढीला पडद्यावरची भीती म्हणजे रामसे! १९७२ मध्ये त्यांचा 'दो गज जमीन के नीचे' आला. हाताशी पैसा थोडा. मोठे सेट उभारणं परवडणारं नव्हतं. मग हे अख्खं कुटुंब महाबळेश्वरला जाऊन राहिलं आणि तिथंच त्यांनी चित्रपट उरकला. दिग्दर्शन भावांचं, कॅमेरा भावाकडे, ध्वनी भावाकडे. घरचं कार्य असावं तसा सारा मामला. पुढे १९८४ मध्ये 'पुराना मंदिर' आला आणि तुफान चालला. तो मी मित्रांबरोबर रात्रीच्या खेळाला पाहिला. जुनी हवेली, घराण्याला लागलेला शाप, करकरणारं दार आणि शेवटी त्रिशूळ. थिएटरात किंचाळून घेतलं, बाहेर येऊन भेळ खाल्ली आणि घरी जाऊन स्वस्थ झोपलो. त्या भीतीचं असंच असतं. ती तिकिटाबरोबर दारात फाडून टाकता येते.

पण मी आज ज्या चित्रपटाविषयी बोलणार आहे, त्यात भूत नाही. शाप नाही, अमावस्या नाही. चित्रपट अवघ्या ६३ मिनिटांचा. तरीही तो माझ्याबरोबर घरी आला आणि आज जवळजवळ पन्नास वर्षं झाली, घरातून गेलेला नाही.

त्याचं नाव 'द मोस्ट डेंजरस गेम'. १९३२ सालचा अमेरिकन चित्रपट. मूळ कथा रिचर्ड कॉनेल या लेखकाची, १९२४ मध्ये 'कोलियर्स' साप्ताहिकात छापून आलेली. नावात एक गंमत आहे. इंग्रजीत 'गेम' म्हणजे खेळ, आणि 'गेम' म्हणजे शिकारीचं जनावरही. आपल्याकडे या दुसऱ्या अर्थाला 'सावज' हा नेमका शब्द आहे. सर्वांत धोकादायक खेळ आणि सर्वांत धोकादायक सावज, असे दोन्ही अर्थ त्या नावात आहेत. हे सावज कोणतं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. माणूस!

गोष्ट थोडक्यात सांगतो. रेन्सफर्ड नावाचा एक प्रसिद्ध शिकारी बोटीतून चाललाय. बोटीवर गप्पा रंगल्यात. एक डॉक्टर विचारतो, जनावर पोटासाठी मारतं त्याला आपण क्रूर म्हणतो, आणि माणूस मौजेसाठी मारतो त्याला सुसंस्कृत म्हणतो, हे कसं? रेन्सफर्ड हसून टाळतो. तो म्हणतो, जगात दोनच जाती, शिकार करणारे आणि शिकार होणारे. मी पहिल्या जातीतला, आणि ते कधी बदलायचं नाही. वाक्य पुरतं संपलेलं नसतं, तोच बोट खडकावर आदळते. खाडीतले दिवे कुणीतरी मुद्दाम चुकीच्या जागी लावलेले असतात.

पोहत पोहत हा गडी एकटा एका बेटावर लागतो. तिथं एक किल्ल्यासारखा वाडा. वाड्यात काउंट झारॉफ नावाचा रशियन उमराव. काय त्याचं आगतस्वागत! कोरडे कपडे, उंची मद्य, जेवणानंतर पियानोवादन. आधीच्या एका फुटलेल्या बोटीतले भाऊबहीणही तिथं पाहुणे म्हणून आहेत. झारॉफ स्वतः पट्टीचा शिकारी. तो सांगतो, वाघ मारले, रानरेडे मारले, मग एक दिवस कंटाळा आला. जनावराजवळ नुसती उपजतबुद्धी असते. ते विचार करत नाही. म्हणून मी एक नवं जनावर शोधलं.

ते जनावर कोणतं, हे रेन्सफर्डला त्या वाड्यातल्या एका बंद दालनात कळतं. आपल्या जुन्या संस्थानिकांच्या बंगल्यांत भिंतीवर वाघाची, सांबराची डोकी लावलेली असत. इथंही भिंतीवर डोकं आहे, पण माणसाचं. त्या डोक्याचं नाव चित्रपटभर कुणी घेत नाही. कोण होता तो, कुठल्या बोटीवरचा, त्याची वाट बघणारं कुणी होतं का, काहीच कळत नाही.

झारॉफचे नियम साधे आहेत. सावजाला एक सुरा द्यायचा, थोडी पुढची वेळ द्यायची आणि जंगलात सोडायचं. सूर्योदयापर्यंत जगलास तर सुटलास. पुढे मग दलदल, धुकं, पडत्या झाडाचा सापळा, पानांनी झाकलेला खड्डा, धनुष्यबाण, बंदूक आणि शेवटी कुत्रे. हे सगळं आजही खिळवून ठेवतं. पण मला सर्वांत भयंकर वाटतो तो त्याआधीचा एक क्षण. झारॉफ रेन्सफर्डला लगेच सावज करत नाही. आधी तो त्याला शेजारी जागा देऊ करतो. तुम्ही शिकारी, मीही शिकारी, चला, आपण मिळून जाऊ! रेन्सफर्ड नकार देतो. आणि तो नकार देतो म्हणूनच सावज होतो. श्रोतेहो, हा नकार लक्षात ठेवा. मी पुन्हा तिथं येणार आहे.

आता हा चित्रपट कसा बनला ते ऐका. आपल्या रामसेंना ती हकीकत आवडली असती. तेव्हा आरकेओ कंपनीत 'किंग काँग'ची तयारी चालू होती. त्यासाठी प्रचंड खर्चाचं जंगल उभं केलं होतं. निर्माते मेरियन कूपर आणि अर्नेस्ट शोडसॅक यांनी हिशेब केला, की एवढं जंगल उभंच आहे, तर त्यात आणखी एक चित्रपट काढून घेऊ. शोडसॅक आणि आयर्व्हिंग पिचेल यांनी तो दिग्दर्शित केला. दरीवर आडवा पडलेला तो भला थोरला ओंडका दोन्ही चित्रपटांत आहे. नायिका फे रे दोन्हीकडे, रॉबर्ट आर्मस्ट्राँग दोन्हीकडे, संगीतकार मॅक्स स्टायनर दोन्हीकडे. एका चुलीवर दोन भाकऱ्या! 'किंग काँग' १९३३ मध्ये आला आणि जगभर गाजला. हा धाकटा भाऊ मात्र आदल्या वर्षी येऊन गेला आणि काहीसा मागे राहिला. त्याची नक्कल मात्र पुढे किती जणांनी केली, याला गणती नाही. कथेवरून १९४५ मध्ये 'अ गेम ऑफ डेथ' निघाला, १९५६ मध्ये 'रन फॉर द सन' निघाला. कमी पैशांत भीतिपट काढणाऱ्यांना तर हे कथानक म्हणजे वरदानच. एक जंगल, चार माणसं, एक बंदूक. भूत रंगवायचाही खर्च नाही.

पण स्वस्तात उरकलेल्या या चित्रपटामागची माणसं पाहिली, की अंगावर काटा येतो. झारॉफचं काम करणारे लेस्ली बँक्स हे इंग्रज नट. त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू पहिल्या महायुद्धात जखमी झाली होती. एका बाजूनं चेहरा सभ्य, दुसऱ्या बाजूनं ताठरलेला. दिग्दर्शकांनी त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. म्हणजे माणसांच्या शिकारीचा खेळ मांडणाऱ्या उमरावाचं काम करतोय कोण, तर माणसांनी माणसांवर केलेल्या खऱ्याखुऱ्या शिकारीत जायबंदी झालेला सैनिक. निर्माते कूपर हे वैमानिक. पोलंड आणि सोव्हिएत रशिया यांच्या युद्धात १९२० मध्ये त्यांचं विमान पाडलं गेलं. ते कैदेत पडले आणि पुढच्या वर्षी तिथून निसटून लॅटव्हियाच्या हद्दीत पोचले. पाठलाग होणाऱ्या माणसाला रात्र केवढी लांब असते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि तिसरा माणूस नोबल जॉन्सन. झारॉफचा मुका कोसॅक नोकर आयव्हान त्यांनी रंगवला. हे नट कृष्णवर्णीय होते. चेहऱ्याला पांढरा रंग लावून ते गोरे कोसॅक झाले. याच जॉन्सननी १९१६ मध्ये आपल्या समाजाच्या कथा आपणच सांगाव्यात म्हणून लिंकन मोशन पिक्चर कंपनी काढली होती. ती फार वर्षं टिकली नाही. मग हॉलिवूडमध्ये मिळेल ती कामं. त्यांच्या समाजाची माणसं एके काळी खरोखरच कुत्रे सोडून हुडकली जात होती. पळालेल्या गुलामाला धरून आणण्यासाठी अमेरिकेत १७९३ मध्ये आणि पुन्हा १८५० मध्ये कायदे झाले होते. आणि पडद्यावर शिकारी कुत्र्यांच्या साखळ्या कुणाच्या हाती, तर या जॉन्सनच्या हाती. हे कुणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. पण एकदा माहीत झालं, की ते दृश्य पूर्वीसारखं पाहता येत नाही.

मी हा चित्रपट पाहिला तो १९७८ च्या सुमारास. नोकरीला नुकताच लागलो होतो. हडपसरहून सायकल मारत डेक्कनला जायचं, फिल्म सोसायटीचा खेळ बघायचा आणि रात्री कॅम्पातून, रेसकोर्सच्या कडेनं परत. त्या रात्री परतताना मला सायकल चालवता येईना. रामटेकडीजवळ मी उतरलो आणि हातात सायकल धरून घरापर्यंत चालत आलो. दलदलीत दबा धरून बसलेला रेन्सफर्ड नायिकेला म्हणतो, की मी ज्या जनावरांना कोंडीत पकडलं, त्यांना काय वाटत असेल ते आज मला समजतंय. त्या वेळी पडद्यावर त्याचे डोळे दिसतात. ते डोळे मी आधी पाहिले होते. सिनेमात नव्हे, हडपसरलाच. आमच्या उसात.

ही गोष्ट १९६६ सालची, हिवाळ्यातली. मी अकरा वर्षांचा होतो. आजचे श्रोते हडपसर म्हटलं, की मगरपट्ट्याच्या काचेच्या इमारती आणि सोलापूर रस्त्यावरची कोंडी आठवत असतील. तेव्हा कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि भाजीपाला होता. थंडीत गुऱ्हाळं लागायची आणि गावाला काकवीचा वास यायचा. त्या वर्षी गायरानावर फासेपारध्यांची चार पालं उतरली होती. त्याच सुमारास आमच्या वस्तीवरच्या दोन कोंबड्या गेल्या आणि आमच्या चुलत्यांच्या घरचं तांब्याचं घंगाळ दिसेनासं झालं. दुसरं कोण असणार? कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना पटलं.

एका संध्याकाळी कुणाला तरी उसाच्या फडात कोणी शिरताना दिसलं. पंधरा मिनिटांत तीस-चाळीस माणसं जमली. कंदील, बॅटऱ्या, काठ्या, चिपाडांचे पलिते. फडाला चारी बाजूंनी वेढा पडला. आम्हा पोरांच्या हातात रिकामे डबे दिले आणि सांगितलं, वाजवा! शिकारीतल्या हाक्याची पद्धत ठाऊक असलेली जुनी माणसं होतीच. एका अंगानं आवाज करत रान उठवायचं, दुसऱ्या अंगाला दबा धरून बसायचं. खोटं कशाला सांगू, त्या रात्रीइतकी मजा मला तोवर कधी आली नव्हती. थोरल्या माणसांच्या बरोबरीनं मला काम मिळालं होतं.

मला पाटाच्या कोपऱ्यावर उभं केलं होतं. पाचटात खसखस झाली. बघतो तर माझ्यापासून चार हातांवर एक पोरगा. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. खांद्यावर फाशांचं गुंडाळं, कमरेला दोन तित्तर बांधलेले. म्हणजे तो कशासाठी आला होता, हे उघड होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. बोलला काही नाही. नुसतं पाहिलं. मी गप्प राहिलो असतो तर तो पाटातून वाकत वाकत कालव्याला लागला असता आणि सुटला असता. मला ते त्या वेळीही कळत होतं.

मी ओरडलो, "हितं हाय! हितं हाय!"

पुढचं सांगत नाही. रात्रभर त्याला लिंबाला बांधून ठेवलं होतं आणि सकाळी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी गायरानावर पालं नव्हती. तीन दगडांच्या चुली तेवढ्या होत्या. आठ-दहा दिवसांनी घंगाळ परत आलं. त्याची कडी निखळली होती, म्हणून चुलत्यांनीच ते पुण्याला तांबट आळीत दुरुस्तीला दिलं होतं आणि घरात सांगायला विसरले होते. त्यावर कुणी काही बोललं नाही. आबा एवढंच म्हणाले, "जाऊ द्या, व्हतंय असं." त्या रविवारी त्याच घंगाळात पाणी काढून मी अंघोळ केली.

मोठेपणी वाचायला लागलो तेव्हा समजलं, की आमच्या वस्तीवरच्या माणसांच्या मनात ते 'दुसरं कोण असणार' आलं कुठून. १८७१ मध्ये इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ मध्ये तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू करण्याची सोय झाली. विशिष्ट जमातीत जन्मलात की गुन्हेगार. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंटच होती. पारधी म्हणजे फासे टाकून तित्तर, लाव्हे, ससे धरणारा माणूस. शिकार हा त्याचा पोटाचा धंदा. मौजेची शिकार करणाऱ्या साहेबाला त्यासाठी परवाना मिळत होता, आणि पोटासाठी शिकार करणाऱ्याच्या मागे शिपाई लागत होता. बोटीवरच्या त्या डॉक्टरचा प्रश्न आठवा.

याच काळात एका राजानं वेगळी वाट धरली. कोल्हापूरचे शाहू महाराज स्वतः नामांकित शिकारी. रानात हिंडताना त्यांचा या लोकांशी जवळून संबंध आला. १९१८ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली. फासेपारध्यांना कामं दिली, पहारेकरी म्हणून विश्वासानं नेमलं. शिकारीला जाणारा माणूस शिकार होणाऱ्याच्या जागी उभा राहून बघू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. रेन्सफर्डला ते समजायला दलदलीत उतरावं लागलं. महाराजांना त्याची गरज पडली नाही.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. म्हणजे आमच्या उसात हाका झाला, तेव्हा तो जाऊन चौदा वर्षं झाली होती. पण कायदा पुस्तकातून जातो, तसा माणसाच्या मनातून जात नाही. पुढे १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. तो हवाच होता. पण फासे टाकून जगणाऱ्याच्या हातातले फासे गेले, त्या जागी दुसरं काय द्यायचं, याचा विचार मात्र फार उशिरा आणि फार थोडा झाला.

गेल्या दिवाळीत माझा चौदा वर्षांचा नातू घरी होता. हा जुना चित्रपट आता इंटरनेटवर सहज सापडतो. म्हटलं, बस, तुला एक भीतीचा सिनेमा दाखवतो. कृष्णधवल म्हणून आधी कुरकुरला, पण मग बघत राहिला. संपल्यावर म्हणाला, "आजोबा, हे तर आमच्या गेमसारखंच आहे." तो मोबाईलवर खेळतो त्यातही एक बेट असतं, त्यावर माणसं सोडतात आणि शेवटी एकच उरतो. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. या जातीचे खेळ निघाले ते २००० सालच्या 'बॅटल रॉयल' या जपानी चित्रपटावरून. शाळकरी मुलांना बेटावर सोडून एकमेकांना मारायला लावतात, अशी ती गोष्ट. कोरियाचा 'स्क्विड गेम' २०२१ मध्ये सगळ्या जगानं पाहिला, तो याच गोतावळ्यातला. या सगळ्यांत एक गोष्ट मात्र समान आहे. मारणारे थोडे असतात आणि मजा बघणारे पुष्कळ.

मी नातवाला विचारलं, "त्या खेळात तू कोण असतोस? शिकारी की सावज?"

तो म्हणाला, "दोन्ही. आधी लपायचं, मग मारायचं."

उत्तर प्रामाणिक होतं. मी त्याला रागावलो नाही. खेळ तो खेळ. पोरं घाबरण्याची हौस अशीच भागवतात. आम्ही रामसेंच्या सिनेमात भागवली. मग मी त्याला उसातली गोष्ट सांगितली. आजवर घरात कुणाला सांगितली नव्हती. झारॉफनं शेजारी बसायला बोलावलं तेव्हा रेन्सफर्ड नाही म्हणाला. माझ्या हातात डबा दिला तेव्हा मी तो वाजवला. वय लहान होतं हे खरं, पण नाही म्हणायला वय लागत नाही, आणि गप्प राहायला तर नाहीच नाही. त्या रात्री मला नुसतं गप्प राहायचं होतं.

नातू बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, "त्या मुलाचं नाव काय होतं?"

श्रोतेहो, मला ते माहीत नाही. चाळीस माणसांत एकानंही त्याला नाव विचारलं नव्हतं. आमच्या त्या फडाच्या जागी आज बारा मजली इमारत आहे. संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा तिच्या फाटकासमोरून मला जावं लागतं. दुसरा रस्ताही आहे, पण मी त्यानं जात नाही.